आधी फाटकापर्यंत जाऊन या

(घणसोली गावात अकरावी-बारावीच्या मुलामुलींसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय तुमच्यातल्याच एकाने दिला. बारावीत आहे, एनडीएचा फॉर्म भरायचा म्हणतो आणि त्यावरून घरात तीन दिवस धुसफूस चालू आहे. अब्बांचं म्हणणं, आपल्याला तिथे घेत नाहीत, उगाच वर्ष घालवू नकोस. अम्मीचं म्हणणं, आणि घेतलं तर? म्हणजे एकाला भीती की घेणार नाहीत आणि दुसरीला भीती की घेतील. मी त्याला विचारलं, तू खडकवासला बघितलंस का? म्हणाला, रील्स बघितल्यात सर.

मी फौजी नाही. गणित शिकवतो, आणि एनडीएच्या लेखी परीक्षेत ३०० गुणांचं गणित असतं म्हणून मुलं माझ्याकडे येतात. त्यामुळे शौर्याच्या गोष्टी माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. मला एवढंच सांगायचंय की जाण्याचा निर्णय असो की न जाण्याचा, तो ऐकीव गोष्टींवर घेऊ नका. आपल्या गावातली माणसं महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत नोकरी धरायच्या आधी काय करतात? पाळी सुटायच्या वेळी गेटवर जाऊन उभी राहतात. बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघतात, एखाद्याला चहा पाजून विचारतात, पगार वेळेवर होतो का, सुपरवायझर कसा आहे. दहा-बारा हजारांच्या नोकरीसाठी आपण एवढं करतो. मग ज्यात आयुष्याची वीस-तीस वर्षं जाणार, त्याचा निर्णय मोबाइलवर तीस सेकंदांच्या व्हिडिओवरून कसा घेता?

आधी थोडा गोंधळ दूर करतो, कारण इथे बसलेल्या पालकांपैकी निम्म्यांच्या डोक्यात अग्निवीर आणि एनडीए एकच आहे. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. त्यात जवान म्हणून चार वर्षं, आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करतात. एनडीएतून मुलगा किंवा मुलगी अधिकारी होऊन बाहेर पडते. खडकवासल्याला तीन वर्षं, जेएनयूची पदवी, मग लष्करात जाणाऱ्याला देहरादूनला, नौदलात जाणाऱ्याला केरळात एळिमलाला, हवाई दलात जाणाऱ्याला हैदराबादजवळ दुंडिगलला पुढचं प्रशिक्षण. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, लग्न झालेलं नसावं. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा असते. लष्करासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. बारावीत असतानाच फॉर्म भरता येतो.

दुसरा गोंधळ ‘मिलिटरी स्कूल’ या शब्दाचा. साताऱ्याची सैनिक शाळा केंद्राच्या संरक्षण खात्याखालच्या सोसायटीची. देशातली पहिली सैनिक शाळा, २३ जून १९६१ ला सुरू झालेली. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल खासगी संस्थेची आहे. ती १९३७ मध्ये हिंदू महासभेचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी काढली. आणि छत्रपती संभाजीनगरची, आपल्या बोलण्यातल्या औरंगाबादची, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, जिला सगळे एसपीआय म्हणतात, ती महाराष्ट्र सरकारची आहे. १९७७ पासून. या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी एकीचा अनुभव सांगून तुम्हाला दुसरीबद्दल घाबरवत असेल, तर आधी विचारा, तू कुठल्या शाळेबद्दल बोलतोयस?

आता अब्बांच्या वाक्याकडे येतो. ‘आपल्याला घेत नाहीत.’

हे वाक्य मी टाळणार नाही. भेदभाव नावाची गोष्ट या देशात नाही असं मी तुमच्यासमोर म्हणालो, तर तुम्ही माझ्यावर पुढचा विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. भाड्याने घर शोधताना आडनाव सांगितल्यावर काय होतं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. सैन्यात मुसलमान किती, याचा आकडा काढण्यावरून सच्चर समितीच्या वेळी, २००६ मध्ये, मोठा गदारोळ झाला. धर्मावर मोजणी नको, अशी लष्कराची भूमिका होती. त्यामुळे ‘घेतात’ आणि ‘घेत नाहीत’, दोन्ही बाजू आकड्यांशिवायच भांडत राहतात.

पण परीक्षा कशी असते ते बघा. लेखी परीक्षा ९०० गुणांची, पर्याय निवडायचे, उत्तरपत्रिका मशीन तपासतं. तिथे तुमचं नाव अहमद आहे की अमोल, याने तुमचं गणित सुधारत नाही आणि बिघडतही नाही. पुढचे ९०० गुण मुलाखत मंडळाचे, एसएसबीचे. ती पाच दिवस चालते. मानसशास्त्रज्ञ, गटातल्या कामगिरीवर लक्ष ठेवणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी, असे तिघं वेगवेगळे तुम्हाला बघतात. माणसं आहेत, म्हणजे पूर्वग्रह असू शकतो. पण तिथून परत येणाऱ्यांत सगळ्या जातिधर्मांची मुलं असतात आणि त्यांची संख्या निवड होणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. आपल्या वस्तीतून फॉर्मच भरले जात नसतील, तर निवड न होण्याचं पहिलं कारण आपल्या टेबलावरच पडलेलं आहे.

याच्या उलट बाजूनेही एक दबाव येतो आणि तो मला जास्त खुपतो. छब्बीस जानेवारीला आपल्या मोहल्ल्यात ब्रिगेडियर उस्मानांचा फोटो लागतो, वीर अब्दुल हमीदांचा लागतो. लागलाच पाहिजे. उस्मान ३ जुलै १९४८ ला झांगरला पडले. हमीद १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरणच्या आघाडीवर पाकिस्तानी रणगाडे फोडताना गेले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. पण ही नावं आपण कुणाला तरी उत्तर द्यायला वापरतो. बघा, आम्हीपण दिलंय. आणि मग एखादा सतरा वर्षांचा पोरगा मनात धरतो की मी वर्दी घातली की कुणी मला परत काही विचारणार नाही. मुलांनो, या कारणासाठी जाऊ नका. दाखला तहसील कचेरीतून काढतात, त्यासाठी आयुष्य देत नाहीत.

लेफ्टनंट जनरल झमीरउद्दीन शाह हे एनडीएत शिकलेले, नसीरुद्दीन शाहांचे थोरले भाऊ. २००२ मध्ये गुजरातमध्ये शांतता राखायला लष्कराची तुकडी गेली, तिचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. पुढे ते अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी आपल्या आत्मकथेला नाव दिलं ‘द सरकारी मुसलमान’. नावातच बघा, हा माणूस दोन्हीकडचे टोमणे ऐकून होता आणि त्यावर हसायलाही शिकला होता. तुमच्या मुंबईच्या राजभवनात १९८२ ते १९८५ राज्यपाल म्हणून राहिलेले इद्रीस हसन लतीफ, हे त्याआधी देशाचे हवाई दल प्रमुख होते. फाळणीच्या वेळी कुठे राहायचं, हा प्रश्न त्यांच्याही समोर आला होता. ही माणसं तिथे टिकली, कारण त्यांना ते काम आवडलं. उडायला आवडलं, माणसं सांभाळायला आवडलं. तुम्हाला ते आवडेल का, हे आरशासमोर उभं राहून कळत नाही. त्यासाठी जाऊन बघावं लागतं.

अमेरिकेत वेस्ट पॉइंट नावाची त्यांची लष्करी अकादमी आहे. तिथे येऊ इच्छिणाऱ्या मुलाला एका कॅडेटबरोबर दिवसभर फिरता येतं, त्याच्या वर्गात बसता येतं, त्याच्याबरोबर जेवता येतं. अकरावीच्या मुलांसाठी उन्हाळ्यात आठवडाभर राहायचीही सोय असते. आपल्याकडे खडकवासल्याला अशी व्यवस्था नाही, आणि मला ही उणीव वाटते. आपल्याला मग तुकड्या-तुकड्यांनी बघावं लागतं.

पहिला तुकडा खुद्द एनडीए. वारजे, शिवणे, उत्तमनगर ओलांडलं की कोंढवे-धावड्याच्या बाजूला फाटक लागतं. तिथे सहज चालत जाऊन आत सोडत नाहीत. कॉलेजच्या लेटरहेडवर आधी लेखी परवानगी मागायची, सगळ्यांची ओळखपत्रं द्यायची आणि उत्तराची वाट बघायची. परवानगी मिळाली तर आत मोबाइल आणि फोटोबद्दल ते सांगतील तसं वागायचं. मुख्य इमारत दिसेल, मोठ्या घुमटाची. तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौजांनी सुदानच्या बाजूने लढून जे रक्त सांडलं, त्याची आठवण म्हणून सुदान सरकारने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते या इमारतीला लागले. नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ ला पायाभरणी केली. इतिहास आवडणाऱ्या मुलीमुलांना सांगतो, सुदानच्या त्या मोहिमेत पंजाबी मुसलमान, पठाण, शीख, मराठे, गढवाली, सगळे एकाच डिव्हिजनमध्ये होते. अकादमीच्या मधोमध उभी असलेली इमारत त्यांच्या नावाने आलेल्या पैशांची आहे.

पण इमारत बघायला जायचं तर ताजमहाल बघा. तिथे तुम्ही बघायचं ते कॅडेटना. पहिल्या सहामाहीतली पोरं ओळखू येतात, कायम कुठेतरी धावत असतात. सायकलींच्या रांगा बघा. एवढ्या मोठ्या आवारात वर्गातून मैदानावर, मैदानातून मेसमध्ये, सगळं सायकलवर आणि सगळं घड्याळावर. पहाटे पाचच्या आसपास सुरू झालेला दिवस, कवायत, पोहणं, घोडेस्वारी, आणि मधल्या वेळात बीएस्सीचा अभ्यास. रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटतात, असं सगळे सांगतात. सिंहगड पायी चढणं आपल्याला सहल वाटते; तिथे तो पाठीवर ओझं घेऊन, वेळ लावून चढायचा असतो. एका शिबिराचं नाव तर कॅम्प तोरणा आहे. हे बघून ज्याच्या पोटात गोळा आला आणि तरी पाय थोडे शिवशिवले, त्याने फॉर्म भरावा. ज्याला फक्त गोळा आला त्याने घरी येऊन निवांत झोपावं. त्यात लाज काही नाही.

परवानगी नाही मिळाली तर? मे आणि नोव्हेंबरच्या शेवटी खडकवासल्याला पासिंग आउट परेड होते, ती मोबाइलवर थेट बघता येते. पूर्ण बघा. रील नको, दोन तास बघा.

दुसरा तुकडा माझ्या मते आपल्यासाठी जास्त कामाचा, संभाजीनगरची एसपीआय. दहावीनंतर दोन वर्षं तिथे राहायचं, अकरावी-बारावी करायची आणि एनडीएची तयारी करायची. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते, महाराष्ट्राचा अधिवास लागतो. बेळगाव, बिदर, कारवारच्या मुलांनाही चालतं. मुलींसाठी २०२३ पासून नाशिकला अशीच संस्था सुरू झाली आहे. इथे जाऊन बघण्याचा फायदा असा की तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच मराठी बोलणारी, कुणी बीडचं, कुणी चिपळूणचं, अशी पोरं भेटतात. त्यांना साधे प्रश्न विचारा. पहिल्या महिन्यात रडलास का? इंग्रजी कशी जमवलीस? सोडून गेलेला कुणी माहीत आहे का, आणि तो का गेला?

हा शेवटचा प्रश्न विसरू नका. निवड झालेल्याचे फ्लेक्स चौकात लागतात. सोडून आलेल्याला शोधावं लागतं. मी म्हणेन, एका फ्लेक्सवाल्याला भेटलात तर एका सोडून आलेल्याला भेटाच. याला एक व्यवहाराचं कारण आहे, पालकांनी इकडे लक्ष द्यावं. एनडीएत प्रवेश घेताना पालकांकडून बंधपत्र लिहून घेतात. मुलाने स्वतःच्या मर्जीने प्रशिक्षण अर्धवट सोडलं, किंवा शेवटी अधिकारपद घ्यायला नकार दिला, तर शिक्षण, जेवण, कपडे यांवर झालेला खर्च पूर्ण किंवा काही प्रमाणात भरावा लागू शकतो. यूपीएससीच्या जाहिरातीत हे स्पष्ट छापलेलं असतं, फक्त ते पान कुणी वाचत नाही. रिक्षा चालवणाऱ्या किंवा टेलरिंग करणाऱ्या बापाला ही रक्कम छोटी नाही. म्हणून बघणं आधी, सही नंतर. एरवी प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं. खिशखर्च घरून द्यावा लागतो, आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर त्यालाही मदत मिळते. पगारासारखे पैसे, म्हणजे महिना ५६,१०० चा स्टायपेंड, शेवटच्या टप्प्यात देहरादूनसारख्या ठिकाणी पोचल्यावर सुरू होतो.

अजून एक कठीण गोष्ट आहे आणि ती अम्मीच्या प्रश्नाची आहे. प्रशिक्षणातच मुलगा जायबंदी झाला तर? ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून हातात घेतला. १९८५ पासून सुमारे ५०० अधिकारी-कॅडेट प्रशिक्षणात अपंगत्व आल्यामुळे घरी पाठवले गेले, आणि त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नसल्याने त्या सवलती मिळत नव्हत्या, अशी बातमी वर्तमानपत्रात आली होती. त्यानंतर सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेत घेतलं. प्रश्न पुरता सुटलेला नाही. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. अम्मीने विचारलं तर ‘काही होत नाही गं’ म्हणून उडवून लावू नका. तिला ही बातमी दाखवा आणि तिच्याबरोबर बसून बोला. ती अडाणी नाही, तिचा प्रश्न न्यायालयाने विचारला तोच आहे.

दीनाबद्दल. जुम्म्याला वेळ मिळेल का, रोजे ठेवता येतील का, मेसमध्ये काय शिजतं, हे प्रश्न चोरून विचारायचे नाहीत. सैन्यात ‘सर्व धर्म स्थळ’ नावाची जागा असते, मौलवीही धर्मशिक्षक म्हणून नेमलेले असतात. पण रोजचं वेळापत्रक प्रशिक्षणाचंच चालतं, आणि रमजानात त्याच्याशी कसं जुळवलं हे तिथून आलेल्या मुसलमान अधिकाऱ्याइतकं खरं कुणी सांगू शकणार नाही. अशा एखाद्याला गाठा. निवृत्त झालेले बोलायला मोकळे असतात. दाढीचा प्रश्न मात्र मोघम ठेवू नका. हवाई दलातल्या मुस्लिम कर्मचाऱ्यांनी दाढीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि १५ डिसेंबर २०१६ ला न्यायालयाने हवाई दलाचा नियम ग्राह्य धरला. केस कापायला ज्या धर्मात मनाई आहे त्यांनाच सूट, असा तो नियम. तो निकाल मला किंवा तुम्हाला पटतो का, हा वेगळा कार्यक्रम होईल. ज्याच्यासाठी दाढी ही तडजोड न करण्याची गोष्ट आहे, त्याने हे आज जाणून घ्यावं. वर्दी अंगावर चढल्यावर जाणून घेणं त्याच्यासाठी आणि त्याच्या घरासाठी फार जड जातं.

मुलींनो, तुम्ही मागच्या रांगेत आहात म्हणून तुमचं शेवटी आलं असं समजू नका. १८ ऑगस्ट २०२१ ला न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली. पहिली तुकडी २०२२ मध्ये आत गेली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी बाहेर पडल्या. मुलांबरोबर, त्याच मैदानावर. परीक्षेची फी मुलींना माफ आहे. जागा अजून थोड्या आहेत, म्हणजे स्पर्धा मुलांपेक्षा तीव्र आहे, हे डोळे उघडे ठेवून समजून घ्या. आणि तुम्हाला जाऊन बघणं जास्त अवघड आहे हेही मला कळतं, ‘पुण्याला? कशाला? कुणाबरोबर?’ इथूनच सुरुवात होते. त्यावर उपाय साधा आहे. अम्मीला बरोबर न्या. तुम्हाला जे बघायचंय तेच तिलाही बघायचंय.

ज्यांच्या कॉलेजात एनसीसी आहे त्यांनी दहा दिवसांचं शिबिर एकदा करावं. सामाईक बाथरूम, ठरलेल्या वेळी जेवण आणि दुसऱ्याच्या हुकमावर उठणं, एवढं सोसतं का ते दहा दिवसांत समजतं. एसएसबीला बोलावणं आलं तर तेही बघण्याची संधी समजा. ते तुम्हाला पारखतात, तुम्ही त्यांना पारखा. पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रवासभाडंही मिळतं. आणि डोळे, कान, दात, पायाचे तळवे आधी कुठल्यातरी डॉक्टरकडून तपासून घ्या. दोन वर्षं तयारी करून शेवटी सपाट तळव्यावर अडकणं वाईट.

तर आता कामाचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आपण संभाजीनगरला जायचं ठरवतोय. संस्थेला पत्र देऊन तारीख मिळाली की सांगेन. ठाण्याहून सकाळची तपोवन, म्हणजे घणसोलीहून पहिल्या लोकलने निघावं लागेल. ज्याला पहाटे उठायचा कंटाळा येतो त्याची परीक्षा तिथेच होऊन जाईल. पुण्याच्या परवानगीसाठी कॉलेजच्या प्राचार्यांची सही लागेल. बारावीच्या मुलांनी सोमवारी अर्ज आणून द्या. येणाऱ्यांनी आपले प्रश्न वहीत लिहून आणायचे, आईवडिलांचे वेगळ्या पानावर. नावं दारापाशी ताईंकडे द्या, आणि ज्या पालकांना यायचंय त्यांनीही द्या. गाडीचं बुकिंग लवकर करावं लागतं.